मनगटावरची दोरी

"हात हयसर धर," द्वारकावहिनी म्हणाल्या, आणि मी पुढे करायच्या आतच त्यांनी माझं मनगट ओढून आपल्या गुडघ्यावर ठेवलं.

पडवीत अजून उजेड होता. त्यांच्या मांडीवर वायरची दोन भेंडोळी पडली होती, एक हिरवं, एक काळं. घरोघर बाजाराच्या पिशव्या विणायच्या त्याच चपट्या, चकचकीत प्लास्टिकच्या वायरची. गेले काही दिवस दुपारची जेवणं आटोपली की त्या खांबाला टेकून ही दोरी विणत बसत, आणि मी आतल्या खोलीच्या दारातून चोरून पाहत असे. दोन वायरी मधोमध एकमेकींवर आडव्या ठेवल्या की चार टोकं होतात. हिरवं टोक काळ्यावर दुमडायचं, काळं त्या घडीच्या खालून ओढून घ्यायचं, मग समोरचं, मग त्याच्या समोरचं. चारही टोकं एकदम ताणली की मध्ये नखाएवढा एक चौकोन गच्च बसतो. त्या चौकोनावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. बोटाएवढी जाड, चारी बाजूंनी सारखी, मण्यांची असावी तशी ती दोरी त्यांच्या हातांतून रोज थोडी थोडी खाली उतरत होती. ती कोणासाठी आहे हे मी विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं. त्या घरात न विचारलेल्या गोष्टींचा ढीग मोठा होता.

आता राहिलं होतं ते दोरीचं तोंड मिटणं. त्यांनी ती माझ्या मनगटाभोवती फिरवली, दोन्ही बाजूंची टोकं एकमेकांत घातली आणि विणायला सुरुवात केली. प्रत्येक चौकोनागणिक वर्तुळ लहान होत गेलं.

"घट्ट वाटता?"

"थोडी."

"बरा हा."

उरलेली टोकं त्यांनी दातांनी तोडली. मग काडी ओढली. ज्योत माझ्या कातडीच्या इतकी जवळ आली, की मी हात मागे घ्यायला गेले. त्यांनी तो सोडला नाही. वायर वितळली, तिला काळा थेंब आला, आणि तो थेंब त्यांनी उघड्या अंगठ्यानं दाबून बसवला. जळक्या प्लास्टिकचा कडवट वास पडवीभर पसरला. मनगटापासून हातभर लांब दोरी खाली लोंबत होती आणि तिच्या टोकाला एक फास होता.

"वहिनी, ही काढायची कशी?"

"काढूची नाय."

"म्हणजे उद्या खडपावरून परत आल्यावर?"

त्यांनी भेंडोळी उचलली, उठल्या, आणि आत जाता जाता म्हणाल्या, "परत इल्यावर बघू."

मी तिथंच बसून राहिले. दोरी हातावरून उतरवायचा प्रयत्न केला. अंगठ्याच्या हाडाशी ती अडली.

हे सांगताना आज माझे केस पांढरे झाले आहेत आणि तेव्हाची ती पडवीही पाडून तिथं सिमेंटचा ओटा झाला आहे. पण त्या संध्याकाळची भीती मात्र जशीच्या तशी माझ्यापाशी आहे. ती म्हातारी झाली नाही.

मी इस्लामपूरची. आईच्या लांबलेल्या आजारपणात लग्नाचं वय मागं पडलेलं, मराठी घेऊन एम. ए. झालेली आणि कवितांची वही उशाशी ठेवून झोपणारी. देवगडच्या खाली, खवळेवाडीतल्या विश्राम कुबलांशी माझं लग्न झालं तेव्हा मी तिशी ओलांडली होती. विश्राम हायस्कुलात मास्तर होते. त्यांचं हे दुसरं लग्न. पहिली बायको रतन, "दर्यात गेली." एवढंच त्यांनी मला सांगितलं, आणि ते सांगताना ते खिडकीबाहेर पाहत होते. मी त्या घरात आल्यावर कळलं की रतन ही माझ्या थोरल्या जावेची, द्वारकावहिनींची, सख्खी धाकटी बहीण. दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या. माझे थोरले दीर ट्रॉलरवर असत, महिना महिना घरी नसत. म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ त्या घरात आम्ही दोघीच होतो: मी, आणि जिच्या बहिणीच्या जागी मी येऊन बसले होते ती बाई.

त्या माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. वाईट वागल्या असत्या तर बरं झालं असतं. माणसाला कुठून सावध राहायचं ते तरी कळतं. त्या नुसत्या बोलत नसत. जेवायला वाढत, पाणी तापवून देत, दोरीवर वाळणारं माझं पातळ वाऱ्यानं सुटू लागलं तर त्याला चिमटा लावून जात, पण नाव घेऊन एकदाही हाक मारली नाही. "गो" म्हणत. त्या एका अक्षरात मी होते की नव्हते, हे मला कधी समजलं नाही.

आणि बाहेर समुद्र. आमच्या कृष्णेचं पाणी एका दिशेनं जातं. काठावर उभं राहून त्याला निरोप देता येतो. हे पाणी गेलेलं परत येतं. ओहोटीला ते दूर सरकलं की काळे खडक उघडे पडत आणि वाडीतल्या बाया टोपल्या घेऊन तिकडं जात, खडकाला झुपक्यांनी चिकटलेले शिंपले काढायला. शिनाणे म्हणतात त्यांना. नवी सून पहिल्या वर्षात एकदा तरी अमावास्येच्या ओहोटीला खडपावर, म्हणजे त्या खडकांवर, जाते, असा वाडीचा रिवाज. मला वाटलं होतं, देशावरची म्हणून मला वगळतील.

"अमावास्येक येशीत?" असं वहिनींनी विचारलं, तेव्हा मी "येते" म्हणून गेले. आपण होऊन त्यांनी मला विचारलेली ती पहिली गोष्ट होती.

त्याच दुपारी विहिरीवर सगुणाकाकीनं मला गाठलं. काकी आमच्या शेजारची. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि नजरेतून काही सुटत नसे.

"खडपार जातंस म्हणे उद्या? द्वारकेबरोबर?"

"हो."

"दर्यात पवूक येता तुका?"

"नाही."

"मगे बराच झाला." तिनं कळशी पाण्यात बुडू दिली आणि आवाज खाली आणला. "रतनपण तिच्याबरोबरच गेलेली गो. दोघी गेल्यो, एकटी इली. तीन दिवस दर्यो धुंडाळलो, काय गावाक नाय. आणि ह्या बाईच्या डोळ्यात टिपूस नाय. घरात येऊन चूल पेटयली." कळशी वर आली. "माका काय! मी आपला सांगतंय. तू शिकलेली, तुका कळता."

मला काही कळत नव्हतं. मला फक्त एवढं कळलं, की विश्राम शाळेच्या मुलांना घेऊन सावंतवाडीला गेले आहेत, दीर समुद्रावर आहेत, आणि उद्या पहाटे मी कुठं होते याची साक्ष द्यायला एकच माणूस असेल.

आणि मग संध्याकाळी ती दोरी.

*

झुंजुमुंजू झाल्यावर आम्ही निघालो. पाणी खूप आत गेलं होतं. पुळणीवरून, किनाऱ्याच्या वाळूवरून, इतर बाया डावीकडच्या खडकांकडे वळल्या. ते किनाऱ्याला लागून होते, गुडघाभर पाण्याच्या पलीकडे काही नव्हतं. वहिनी उजवीकडे वळल्या.

"गो द्वारके!" मागून सगुणाकाकी ओरडली. "भायल्या खडपार कित्या? नव्या सुनेक तर खडप दाखवलंस तरी पुरे!"

वहिनींनी मान वळवली नाही. मी एकदा मागे पाहिलं. काकी टोपलीत कोयता खोचून, कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिच्या त्या उभं राहण्यात "सांगितला होता" असं आधीच लिहिलेलं होतं.

बाहेरचं खडप म्हणजे समुद्रात लांबवर गेलेली काळ्या कातळाची जीभ. वरच्या अंगाला ती कोरडी, कालवांच्या पांढऱ्या कवचांनी खरखरीत. खाली टोकाशी ती ओलीचिंब, शेवाळानं बुळबुळीत, आणि तिथं लाट फुटत होती. शिनाणे तिथंच होते. त्या टोकाशी पोचेपर्यंत किनाऱ्यावरचा कुठलाही आवाज ऐकू येईनासा झाला. पाणी फुटण्याचा आवाज इतका सलग होता, की काही वेळानं तीच शांतता वाटू लागली.

वहिनींनी टोपलीतून दोन चपट्या सळया काढल्या, एका टोकाला धार, दुसऱ्या टोकाला भोक. एक त्यांनी स्वतःच्या हातात धरली. दुसरीच्या भोकातून माझ्या दोरीचा फास ओवला, त्या फासातून अख्खी सळी बाहेर काढली आणि ओढून गच्च केली. मग दोन्ही हातांनी दोरीला हिसका दिला. माझा खांदा उखडल्यासारखा झाला.

"तुटाची नाय," त्या म्हणाल्या. त्या आवाजात मला पहिल्यांदाच समाधान ऐकू आलं.

"दर्याक पाठ करूची नाय," त्यांनी सांगितलं. "लाट बघीत ऱ्हवाचा. मोठी इली काय सळी फटीत घालूची, खोल, आणि अंग तिच्यावर टाकूचा. लाट जाईसर उठाचा नाय. कळला?"

"आणि तुम्ही?"

"माझा मी बघतंय."

आम्ही कामाला लागलो. सळीची धार शिंपल्याच्या मुळाशी घालायची आणि वर उचकटायची, की झुपका सुटतो. मला जमत नव्हतं. मी एकेक शिंपला काढत होते आणि दर शिंपल्याला एकदा समुद्राकडे, एकदा वहिनींकडे पाहत होते. कुणाकडे जास्त पाहायला हवं हे मला ठरवता येत नव्हतं. त्या माझ्यापासून चार हातांवर होत्या. नंतर दोन हातांवर. प्रत्येक वेळी मी मान वर करी तेव्हा त्या थोड्या जवळ आलेल्या असत. मी सरकत गेले. खडकाच्या कडेकडे सरकत गेले.

"थंय नको!" त्या ओरडल्या. "हय ये!"

मी गेले नाही. उजेड पडला होता आणि त्या उजेडात त्यांचा चेहरा मला ओळखता येत नव्हता.

"गो, लाट!"

पाणी उभं राहिलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते धावत नव्हतं. ते नुसतं उंच होत होतं, आणि त्याच्या पोटातून हिरवा उजेड येत होता. त्यांनी सांगितलं होतं तसंच मी केलं. पायाशी भेग होती, तिच्यात सळी खुपसली, दोन्ही हातांनी, जितकी जाईल तितकी, आणि तिच्यावर पडले.

मग आवाज संपला. पाण्याखाली आवाज नसतो. माझे पाय माझ्या मालकीचे राहिले नाहीत. ते कुठंतरी वर तरंगले, कुणीतरी घडी उलगडावी तशी मी उलगडली गेले. उजव्या मनगटाला मात्र एक ओढ होती, हाडापर्यंत जाणारी. त्या ओढीपलीकडे मी नव्हते. मग पाणी उतरलं आणि मी खडकावर आपटले.

मी जिवंत होते. खोकत, रडत उठायला गेले, आणि मनगट आलं नाही.

भेगेच्या तोंडाशी बसलेला एक मोठा धोंडा लाटेनं हलवून भेगेत आणून बसवला होता. सळी त्याच्याखाली होती. दोरी धोंडा आणि कातळ यांच्या मधून वर येत होती, ताठ, आणि तिच्या टोकाला माझा हात. वीतभरसुद्धा सैल नव्हती.

वहिनी सरपटत माझ्यापर्यंत आल्या. त्यांच्या हातात काही नव्हतं.

"सळी?" मी विचारलं. "तुमची सळी आणा, वहिनी, तिनं कापू—"

"गेली."

त्यांनी धोंड्याला हात घातला. पाय रोवून, कण्हत, मानेच्या शिरा टरारून येईपर्यंत ढकलला. तो हलला नाही. त्यांनी दोरी ओढली, मग मला ओढलं. मग माझ्या मनगटावरचं कडं दोन्ही हातांनी धरून ते अंगठ्यावरून उतरवायला बघितलं. शेवाळ चोळलं, अंगठा तळहातात मुडपला, जोर केला. कातडी सोलली. कडं हाडाशी अडलं ते अडलंच. ते त्यांनीच माझ्या हाडाचं माप घेऊन विणलं होतं.

"फास सोडा ना! फास सोडवा!"

"सळी निघाल्याशिवाय फास सुटणा नाय."

पुढची लाट लहान होती. ती माझ्या कमरेपर्यंत आली आणि गेली. पण आधी त्या जागी पाणी येत नव्हतं. आम्ही दोघींनी एकाच वेळी ते पाहिलं.

"पाणी फिरला," वहिनी म्हणाल्या. भरती लागली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागं, किनाऱ्याच्या दिशेला पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. त्या पाहण्यात काहीतरी ठरलं. त्या उठल्या आणि चालू लागल्या.

"वहिनी!"

त्या वळल्या नाहीत. ओलं पातळ गुडघ्यापर्यंत खोचून, चार पायांच्या जनावरासारख्या हात टेकत टेकत त्या खडप चढत गेल्या, आणि कातळाच्या उंचवट्यापलीकडे दिसेनाशा झाल्या.

*

मी किती वेळ एकटी होते ते मला ठाऊक नाही. भीतीला घड्याळ नसतं. मी आधी ओरडले. त्यांना, विश्रामना, आईला. आई तर केव्हाच गेलेली. मग माझ्या लक्षात आलं की माझा आवाज मलाही ऐकू येत नाही, तेव्हा मी गप्प झाले. मग मी दोरीला दात लावले. खारट, निसरडी, आणि कुठं धरावी तर कुठंच कड नाही. चौकोनावर चौकोन, प्रत्येकानं खालच्याला असं दाबून धरलेलं, की एकही बाहेर येऊ पाहत नव्हता. आयुष्यभर मी ओळी उलगडत आले होते. त्या दोरीत सुरुवात कुठं आणि शेवट कुठं, ते मला सापडेना. शेवट त्यांनी जाळून टाकला होता.

पाणी मांड्यांवर आलं. ते रागावलेलं नव्हतं. मला त्याचंच जास्त भय वाटलं. ते अगदी सहज, रोजच्यासारखं आपल्या जागेवर परत येत होतं, आणि त्या जागेवर मी होते.

दोघी गेल्यो, एकटी इली.

आता मला सगळं दिसत होतं. दुपारी दुपारी खांबाला टेकून चाललेलं विणणं. अंगठ्यानं दाबलेला जळका थेंब. काढूची नाय. तुटाची नाय. बाहेरचं खडप. कुणीही विचारणार नाही, कारण विचारण्यासारखं काही उरणार नाही. देशावरची बाई, पोहता येत नव्हतं. चूल पेटेल. त्या दोन भाकऱ्या थापतील, आणि विश्राम खिडकीबाहेर पाहत तिसऱ्या कुणाला तरी सांगतील, दर्यात गेली.

पाणी छातीशी आलं, गेलं. पुन्हा आलं, आणि या वेळी पूर्ण गेलं नाही.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर काहीतरी आदळलं. हात. मी किंचाळले.

"हलव नको," वहिनी धापा टाकत म्हणाल्या. "हात ताठ धर. दोरी ताठ होवक व्हयी."

त्यांच्या पदराची ओटी जड होऊन लोंबत होती आणि तिच्यातून पाण्यात लाल रेघ उतरत होती. त्यांनी ओटीत हात घालून काढलं ते कालवाचं कवच. दगडानं फोडून काढलेलं, कडेला काचेसारखं. त्यांचे दोन्ही तळहात चिरले होते. पायांकडे मी पाहू शकले नाही.

"मला वाटलं, तुम्ही गेलात."

"गेलंय तर! कालवा वरच्या खडपार असतत. ह्या शिनाण्यांचो नुसतो भुगो होता." कवचाची कड दोरीवर घासू लागली. ती घसरली, माझ्या मनगटाला लागली. "लागला? लागू दे. हलव नको."

"काकीचा कोयता—"

"ती पुळणीवर. जाऊन येईसर तू ऱ्हवशीत?" त्यांनी एक कवच फेकलं, दुसरं घेतलं. "गप ऱ्हव आता. नाक वर धर. लाट इली काय श्वास धरूचो."

लाट आली. आम्ही दोघी तिच्याखाली गेलो. वर आलो तेव्हा त्यांनी मला कमरेशी धरलं होतं आणि तोंडातून रक्ताचं पाणी थुंकलं. एक वायर तुटली होती. हिरवी.

"तुटली!" मी ओरडले. "वहिनी, तुटली!"

"एकान काय होता?" त्या जवळजवळ रागावल्या होत्या. "चार हत. एक तुटली तरी तीन धरून ऱ्हवतत. मीच विणलंय ना." पुन्हा घासणं. "एक चौकोन सुटलो तर खालचो सुटाचो नाय, अशी ओढून ओढून विणलंय. रांडेची वायर! ह्या हातांका जाळूक व्हयो."

"का विणली अशी?" मी रडत होते. मला आता काही झाकायचं उरलं नव्हतं. "मला मारायचं होतं तर—"

त्यांचा हात थांबला. क्षणभरच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी काय बोलले ते त्यांना पोचायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ समुद्रही थांबल्यासारखा वाटला. मग त्या पुन्हा घासू लागल्या, जोरानं, आणि बोलू लागल्या. माझ्याशी नव्हे, दोरीशी बोलावं तशा.

"तिची सुताची होती. रतनची. दर वर्षी मीच विणी. सुताची, दुपदरी. खाऱ्या पाण्यात सूत आतून कुजता, वरून दिसणा नाय. हयच. ह्याच फटीत तिना सळी घातल्यान. बरोबर घातल्यान गो, मी शिकयलेला तसाच. लाट इली. लाट गेली. सळी फटीत होती." त्यांनी दातांनी वायर ओढली, थुंकली. "सळी होती. अर्धी दोरी होती. ती नाय."

मी हात आणखी ताठ धरला.

"सळी सांभाळूक नसता दोरी. सळी काय, लोहार दुसरी देता. दोरी माणूस सांभाळूक असता. म्हणान म्हटला, तुका अशी विणूया, दर्याच्या बापाक तुटाची नाय." काळी वायर तुटली. "वायर कुजणा नाय ना. धा जणांक विचारलंय, कुजता काय? नाय म्हणाले. म्हणान टोका जाळलंय. म्हणान हातात घट केलंय. सुटा नये. काय झाला तरी सुटा नये."

पाणी माझ्या हनुवटीला लागलं. आता त्यांना दोरी दिसत नव्हती; त्या पाण्याखाली चाचपून घासत होत्या, आणि मधूनमधून डोकं बुडवून दात लावत होत्या. शेवटचं कवच त्यांच्या हातात मोडलं. ओटीत काही उरलं नव्हतं.

"तुम्ही जा," मी म्हणाले. हे शौर्य नव्हतं. त्यांचा चेहरा मला तशा अवस्थेत पाहवेना. "वहिनी, तुम्ही जा."

"गप!" त्यांनी माझ्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि पाय कुठंतरी खडकात रोवले. "ही येता ती मोठी हा. अंग टाकूचा नाय आता. उलट कर. लाटेबरोबर जा. सगळा जोर लाव. मी धरलंय."

"सुटेल तर वाहून जाईन!"

"मी धरलंय म्हटलंय ना!"

पाणी उभं राहिलं. पोटात तोच हिरवा उजेड. या वेळी मी डोळे मिटले नाहीत. लाटेनं आम्हाला दोघींना उचललं, आणि मी सगळ्या अंगानं, सगळ्या भीतीनं, त्या दोरीपासून दूर जायला झेपावले. मनगटात काहीतरी फाटलं. मला वाटलं हात गेला. मग ओढ संपली, एकाएकी, आणि मी कशालाच बांधलेली उरले नाही. उरली ती फक्त कमरेभोवतीची मिठी, जी पाण्याखाली, खडकावरून फरफटत जातानाही, सुटली नाही.

*

वरच्या कातळावर, कालवांच्या फुटक्या कवचांमध्ये, आम्ही कितीतरी वेळ पडून होतो. ऊन वर आलं होतं. मी पाणी ओकले. वहिनी उताण्या पडल्या होत्या. त्यांच्या पुढच्या दातांपैकी एक अर्धा तुटला होता आणि ओठ सुजून वर आला होता. दूर पुळणीवरून बायांचं ओरडणं ऐकू येऊ लागलं. कुणीतरी आम्हाला पाहिलं होतं. सगळ्यांत पुढे सगुणाकाकी धावत येत होती, हातात टोपली तशीच.

माझ्या मनगटावर कडं अजून होतं. त्याला तुटक्या वायरींची बोटभर शेपटी लोंबत होती. मी उठून बसले. मला काहीतरी बोलायचं होतं. क्षमा मागायची होती, पण तो शब्द त्या उन्हात इतका पुस्तकी वाटला, की तोंडाशी येऊन परत गेला. त्याऐवजी मी दुसरंच विचारलं.

"तुमची सळी वाहून कशी गेली, वहिनी? तुम्ही का नाही बांधली दोरी?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. उजवा हात छातीवर आणला. रक्तानं आणि मिठानं माखलेलं ते उघडं मनगट त्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी हळूच चाचपलं, जसं एखाद्या जुन्या दुखण्याला चाचपावं.

"एका हातान विणूक येता काय गो?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्यान बांधूची लागता ती. मी रतनेक बांधी, ती माका बांधी." काकीची हाक आता जवळ आली होती. "मागसून माझ्या हाताक कोण बांधतला?"

मी त्यांचं मनगट माझ्या दोन्ही हातांत घेतलं. तेव्हा मला त्या दोरीतली एकही गाठ विणता येत नव्हती.